परदेशी बँकेत नोकरी हवी? मग ‘इथलाच माणूस का नको?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

कोल्हापूरची रत्नाकर बँक दुबईवाले घेणार, ही बातमी १८ ऑक्टोबर २०२५ ला आली आणि निपाणी-संकेश्वर भागात बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांना एक नवा विषय मिळाला. १९४३ साली कोल्हापुरात स्थापन झालेली, कोल्हापूर-सांगलीच्या पेठांत वाढलेली ही बँक आज आरबीएल या नावाने देशभर आहे. तिचं नोंदणीकृत कार्यालय मात्र अजून शाहूपुरीतच आहे. तिचा ६० टक्के हिस्सा सुमारे २६,८५३ कोटी रुपयांना घेण्याचा करार एमिरेट्स एनबीडीने जाहीर केला. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरची बँक आणि मालक दुबईचा. साहजिकच पहिला प्रश्न हाच आला, "म्हणजे आता दुबईला बदली मिळतंय काय?"

उत्तर सरळ आहे. मालक बदलला म्हणून व्हिसा मिळत नाही. दुबईची बँक इथे येते ती इथला ग्राहक, इथल्या ठेवी, इथली कर्जं मिळवायला. इथली माणसं तिकडे न्यायला ती हजारो कोटी ओतत नाही.

पण प्रश्न वाईट नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यातून आखातात, सिंगापूरला, लंडनला बँकेत नोकरी शोधणारे तरुण आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा एक समज पक्का असतो : मार्क चांगले, अनुभव चांगला, इंग्रजी चांगलं, मग नोकरी मिळायला हवी. शंभर-शंभर अर्ज पाठवूनही उत्तर येत नाही तेव्हा ते स्वतःला दोष देतात. खरी अडचण बहुतेक वेळा गुणवत्तेची नसते. परदेशी उमेदवार घेणं बँकेला महाग पडतं. व्हिसाची फी, सरकारला द्यायचा कर, कागदपत्रांची पडताळणी, स्थानिकांच्या कोट्याचा हिशेब, हे सगळं बँकेच्या गळ्यात पडतं. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हा लायक आहे का’ हा नसतोच. ‘इथलाच माणूस का नको?’ हा असतो.

हा प्रश्न आपल्याला नवा आहे का?

सीमाभागातल्या माणसाला तर मुळीच नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली होती. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के आणि बाकीच्या जागांत ७० टक्के. उद्योगांनी ओरड केली आणि दोन दिवसांत ते बाजूला ठेवावं लागलं. पण त्यातली ‘स्थानिक’ची व्याख्या वाचण्यासारखी होती : कर्नाटकात जन्म, पंधरा वर्षं वास्तव्य आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणं. तिकडे महाराष्ट्र सरकार वादग्रस्त ८६५ गावांतल्या रहिवाशांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर आपल्या नोकऱ्यांसाठी पात्र धरतं. म्हणजे एकाच घरातला मुलगा इकडे भाषेने मोजला जातो, तिकडे दाखल्याने.

बँकेच्या काउंटरवर तर हे रोजचं झालंय. मे २०२५ मध्ये आनेकल तालुक्यातल्या स्टेट बँकेच्या शाखेत व्यवस्थापक बाईंनी कन्नड बोलायला नकार दिल्याची चित्रफीत फिरली, त्यांची बदली झाली आणि खुद्द मुख्यमंत्र्यांनी त्यावर निवेदन काढलं. त्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. सीमाभागातल्या मुलांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या मुलाकडे नसते. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत स्थानिक भाषेची चाचणी असते आणि दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा असेल तर चाचणीतून सूट मिळते. बेळगावच्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर मराठीही असते आणि कन्नडही. एकाच कागदावर दोन राज्यांचं दार उघडतं. घरात कन्नडवरून कितीही वाद असोत, तो कागद जपून ठेवा.

हे सांगायचं कारण असं की परदेशातही खेळ हाच आहे, फक्त दाखला वेगळा आणि रक्कम मोठी.

दुबई : काउंटरवरची जागा आता स्थानिकांची

आखाताचं आकर्षण आपल्याकडे जुनं. आयकर नाही, चार तासांत घरी येता येतं, माणसं आपली. पण बँकेतल्या नोकरीचं चित्र गेल्या काही वर्षांत बदललंय. संयुक्त अरब अमिरातीत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना कुशल जागांवरच्या अमिराती नागरिकांचं प्रमाण दरवर्षी २ टक्क्यांनी वाढवत २०२६ अखेर १० टक्क्यांवर न्यायचं आहे. कमी पडलेल्या प्रत्येक माणसामागे दरमहा हजारो दिरहम दंड, तोही वर्षागणिक वाढणारा. बँकांवर तर तिथल्या मध्यवर्ती बँकेचीही नजर असते. सौदीच्या बँकांत बहुसंख्य कर्मचारी आधीच सौदी नागरिक आहेत.

याचा परिणाम कुठे होतो? टेलर, ग्राहक सेवा, शाखा व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग, म्हणजे नेमक्या त्या जागांवर जिथे आपल्याकडच्या शाखेत पाच-सात वर्षं काम केलेला माणूस स्वतःला योग्य समजतो. कोटा पुरा करायचा तर बँक तो ग्राहकाला दिसणाऱ्या, शिकवायला सोप्या जागांवर पुरा करणार. उरतं ते मागच्या खोलीतलं काम : पतजोखीम, व्यापार वित्त, अंतर्गत तपासणी, मनी लाँडरिंगविरोधी पडताळणी, तंत्रज्ञान.

आणि एक सावधगिरी. ‘दुबईत बँकेत जॉब’ म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा क्रेडिट कार्ड आणि कर्ज विकण्याचं काम असतं, आणि पगार देणारी बँक नसून बँकेने नेमलेली तिसरीच कंपनी असते. लक्ष्य गाठलं तर कमिशन, नाही गाठलं तर परतीचं तिकीट. गळ्यातल्या ओळखपत्रावर बँकेचं चिन्ह असतं, व्हिसावर दुसऱ्याचंच नाव. ते काम वाईट आहे असं म्हणायचं नाही. अनेकांनी तिथून सुरुवात करून पुढे मजल मारली. पण ऑफर हातात आली की पहिला प्रश्न हा विचारा : माझ्या वर्क परमिटवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे?

सिंगापूर : जिथे ‘भारतीय’ असण्याचे शून्य गुण

सिंगापूरने हा हिशेब झाकून ठेवलेला नाही, उघड गुणांत मांडलाय. म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे, तिकडे जायचं नसलं तरी.

बँकेसारख्या वित्तीय क्षेत्रात एम्प्लॉयमेंट पाससाठी १ जानेवारी २०२५ पासून किमान पगार महिन्याला ६,२०० सिंगापूर डॉलर लागतो, आपल्या चार लाख रुपयांच्या वर. तोही कोवळ्या वयाच्या उमेदवारासाठी. वय वाढेल तशी अट वाढत जाते आणि पंचेचाळिशीच्या आसपास ११,८०० डॉलरवर पोचते. बँकेला आधी ती जागा सरकारी संकेतस्थळावर १४ दिवस जाहीर करावी लागते, म्हणजे स्थानिकांना संधी मिळाली हे दाखवता येतं. त्यानंतर ‘कंपास’ नावाची गुणपद्धत. सप्टेंबर २०२३ पासून ती लागू आहे. पास व्हायला ४० गुण लागतात.

आता आपल्याकडचा एखादा उमेदवार धरा, राणी चन्नम्मा किंवा शिवाजी विद्यापीठाचा एम.कॉम., बेंगळुरूत चार वर्षं काम केलेला. पडताळणी झालेल्या साध्या पदवीचे १० गुण. जगातल्या नामांकित संस्थांच्या पदवीला २० मिळतात, ते सोडून द्या. पगार त्या क्षेत्रातल्या स्थानिकांच्या तुलनेत बरा असेल तर आणखी १०. झाले वीस. उरलेले वीस बहुतेक उमेदवाराच्या हातात नसतातच, ते बँकेवर अवलंबून असतात. तिथे स्थानिक व्यावसायिकांचं प्रमाण किती आणि तुमच्या देशाचे लोक आधीच किती. त्या बँकेतल्या व्यावसायिकांत भारतीय पाच टक्क्यांहून कमी असतील तर २० गुण, पंचवीस टक्के किंवा जास्त असतील तर शून्य.

म्हणजे जिथे आपली ओळख निघते, जिथे ‘आपला माणूस’ आधीच बसलाय, त्या बँकेत आपल्याला शून्य मिळण्याची शक्यता जास्त. गावाकडच्या पद्धतीने ओळखीच्या ठिकाणी अर्ज टाकणारा इथे फसतो. ज्या युरोपीय किंवा जपानी बँकेच्या सिंगापूर कार्यालयात भारतीय कमी आहेत, तिथे तोच माणूस, त्याच पदवीवर, वीस गुणांनी पुढे असतो. हे गणित अर्ज करण्याआधी मांडायचं असतं. फार थोडे मांडतात.

लंडन आणि न्यूयॉर्क

ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसाची पगाराची अट एप्रिल २०२४ पर्यंत वर्षाला २६,२०० पौंड होती. ती ३८,७०० वर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. सव्वा वर्षात दीडपटीहून जास्त. नुकते पदवीधर आणि २६ वर्षांखालचे यांच्यासाठी ती ३३,४०० आहे, त्यामुळे तिशीतल्या अनुभवी माणसापेक्षा चोविशीतल्या नवख्याला घेणं बँकेला स्वस्त पडतं, हा उलटा न्याय लक्षात ठेवा. शिवाय मोठ्या मालकाला प्रत्येक परदेशी कर्मचाऱ्यामागे सरकारला वर्षाला १,३२० पौंड वेगळे भरावे लागतात. पाच वर्षांच्या व्हिसाला ६,६०० पौंड. शाखेतल्या साध्या जागेसाठी हा भार कुठलीच बँक उचलत नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. एच-१बी ची सोडत पूर्वीपासून होतीच, वर्षाला ८५,००० जागांची. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी नव्या अर्जावर एक लाख डॉलर. थेट बेळगावातून त्या दारात उभं राहण्यात आज तरी अर्थ नाही.

कुणी म्हणेल, मग विक्रम पंडित कसे सिटीबँकेच्या सर्वोच्च पदावर पोचले? नागपूरचे मराठी गृहस्थ, डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुपचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. खरं आहे. पण ते सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच पीएच.डी. केली. बँकेत शिरताना त्यांच्यावर ‘बाहेरून अर्ज करणारा’ हा शिक्का नव्हता. त्यांचं उदाहरण शिक्षणाचं आहे, परदेशातून नोकरी शोधण्याचं नव्हे. भाषणांत या दोन गोष्टी एक करून सांगतात आणि पोरांची दिशाभूल होते.

मग जातात ते कसे?

परकेपणाची किंमत ज्यांच्यासाठी आधीच कुणीतरी भरलेली असते, ते जातात. माझ्या पाहण्यात यशस्वी झालेली बहुतेक माणसं बाहेरून अर्ज करून गेलेली नाहीत. ती आतून गेली.

पहिला मार्ग जुना आणि आपल्या अंगवळणी पडलेला आहे : सरकारी बँक. बेळगावात १९३० साली स्थापन झालेली बेलगाम बँक सत्तरच्या दशकात युनियन बँकेत विलीन झाली, १९८५ मध्ये मिरज स्टेट बँकही तिथेच गेली. आज त्याच युनियन बँकेची लंडनमध्ये उपकंपनी आणि दुबईत शाखा आहे. स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा, कॅनरा बँक यांच्याही परदेशांत शाखा आहेत. या शाखांत भारतातून अधिकारी पाठवले जातात, बँकेच्या अंतर्गत निवडीने, ठराविक वर्षांसाठी. व्हिसा बँक काढते, परत आल्यावर नोकरी शाबूत असते. स्पर्धा कडक आहे, नंबर लागायला वर्षं जातात. पण पीओ म्हणून लागलेल्या मुलाने ‘आता परदेश विसरा’ म्हणण्याचं कारण नाही. परकीय चलन विभागात, निर्यात कर्जाच्या डेस्कवर बदली मागून घ्या, पुढे त्याच अनुभवाला भाव आहे.

दुसरा मार्ग महामार्गावरच आहे. बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आत आणि बेंगळुरू पाचशेच्या आसपास. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी, यूबीएस, बीएनवाय यांची मोठी केंद्रं आहेत. बेंगळुरूत गोल्डमन सॅक्स, जेपी मॉर्गन, वेल्स फार्गो. लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांचं जोखमीचं, पडताळणीचं, हिशेबाचं काम तिथे चालतं. आपल्याकडून पुण्याला आणि बेंगळुरूलाही आता वंदे भारत जाते, ही सोय आयटीवाल्यांनी ओळखलीय, कॉमर्सवाल्यांनी अजून म्हणावी तशी ओळखलेली नाही.

कंपनीअंतर्गत बदलीचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेच्या एल-१ व्हिसाला त्याच कंपनीत परदेशात एक वर्ष सलग काम लागतं, सोडत नाही आणि ती लाख डॉलरची फीही नाही. ब्रिटनमध्ये अशा बदलीला साधारण एक वर्षाची सेवा आणि ५२,५०० पौंड पगार लागतो. रक्कम मोठी दिसते, पण तिथे बँक आपल्याच ओळखीच्या माणसावर खर्च करत असते, अनोळखी अर्जावर नाही. ‘इथलाच का नको’ला उत्तर तयार असतं : हे काम याच माणसाला येतं. एक खोच मात्र आहे, ब्रिटनच्या या बदली व्हिसावर कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

तिसरा मार्ग कौशल्याचा, आणि इथे आपल्या भागाकडे काही तरी खास आहे. उद्यमबागेतले फौंड्रीवाले, हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्याला लागून वाढलेले पुरवठादार, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, हे सगळे माल बाहेर पाठवतात. त्यांची लेटर ऑफ क्रेडिटची कागदपत्रं इथल्या शाखांत तपासली जातात. बिल ऑफ लेडिंगवरची एक तारीख चुकली तर परदेशी बँक पैसे अडवते, हे ज्याने टेबलावर बसून अनुभवलंय त्याला यूसीपी ६०० चे नियम पुस्तकात शोधावे लागत नाहीत. हे नियम दुबईत, सिंगापुरात, हाँगकाँगमध्ये तेच आहेत. या कामाचं सीडीसीएस हे प्रमाणपत्र सगळीकडे ओळखलं जातं. जोखमीच्या कामाला एफआरएम, गुंतवणुकीच्या कामाला सीएफए, मनी लाँडरिंगविरोधी कामाला कॅम्स. आपली जेएआयआयबी, सीएआयआयबी बढतीला उपयोगी. बाहेर त्यांचं नाव फारसं कुणी विचारत नाही. आणि पतसंस्थेतला अनुभव, कितीही प्रामाणिक असला तरी, तिकडच्या मुलाखतीत समजावून सांगता सांगता वेळ संपतो. आपल्या भागात बहुराज्य पतसंस्थांचं जाळं मोठं असल्याने हे कटू वाटेल, पण सांगितलेलं बरं.

कर्ज काढून एम.एस्सी. : हिशेब करूनच

लंडन-मँचेस्टरला एक वर्षाचं एम.एस्सी. फायनान्स करायचं आणि तिथेच बँकेत लागायचं, हा रस्ता एजंट सगळ्यात जोरात विकतात. फी आणि राहणं धरून तीस लाखांचं कर्ज, ११ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१,३०० रुपये. सरकारी बँकेच्या नव्या पीओचा मूळ पगार ४८,४८० रुपये आहे. म्हणजे तिकडे नोकरी लागली नाही आणि परत येऊन इथे पीओ झालात तरी मूळ पगार जवळजवळ हप्त्यातच गेला. शिकल्यानंतर थांबण्याची मुदत आज दोन वर्षं आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती दीड वर्षच मिळणार. त्या अवधीत ३३,४०० पौंड देणारा आणि प्रायोजक व्हायला तयार असलेला मालक सापडायला हवा. जाऊ नका असं म्हणत नाही. पण शेताचा सात-बारा किंवा उतारा बँकेत ठेवण्याआधी हा कागद बापासमोर मांडा. त्याला चक्रवाढ व्याज तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

एजंटबद्दलही. परदेशात कामाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. नोंदणी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. अमिरातीच्या कायद्याने तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे. आणि थायलंडला ‘बँकेचं कस्टमर सपोर्ट’ म्हणून बोलावणं आलं तर फोन ठेवून द्या. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांनाही नोकरीचंच आमिष होतं.

कागद : बेळगाव, बेलगाम की बेळगावी?

शेवटी एक आपली खास अडचण. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं. नावाच्या वादावर आपली मतं काहीही असोत, परदेशी बँकेसाठी पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीला तो वाद माहीत नसतो. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जुन्या पासपोर्टवर पहिलंच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदवीवर फक्त आद्याक्षर. तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात आणि फाइल अडकते. ऑफर आल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधीच सगळीकडे नाव एक करून घ्या.

निपाणी-चिक्कोडीच्या मुलांसाठी आणखी एक. अमिराती अपोस्टिल मानत नाही, पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. राज्याचा म्हणजे पदवी ज्या राज्याने दिली त्या राज्याचा. कोल्हापुरात शिकलात तर तो महाराष्ट्रातून. पोलिसांचा दाखला मात्र पत्ता कर्नाटकातला असल्याने बेंगळुरूच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीतून. दोन राज्यांतले दोन रस्ते, आणि ऑफर लेटरवर मुदत बहुधा काही आठवड्यांची. पदवीचे शिक्के नोकरी नसतानाही मारून घेता येतात. दिवाळीत घरी आलात की तेवढं काम उरकून टाका.